दावा लावायचा हक्कच नाही म्हणे!

प्रश्न : नमस्कार, अमेरिकेतल्या नागरिकत्वावर काहीतरी वाचत होते त्यात ड्रेड स्कॉट केसचं नाव आलं. एक गोष्ट काही केल्या कळेना. माणूस गुलाम होता, त्याला सुटका हवी होती, मग यात नागरिकत्वाचा विषय आला कुठून? आणि केस हरूनही तो सुटला म्हणतात, ते कसं काय?

उत्तर : तुमचा गोंधळ झाला त्यात नवल नाही, ती केसच तशी वेडीवाकडी आहे. 11 वर्षं चालली, आणि सुरू झाली तेव्हा तर अगदी साधी होती.

ड्रेड स्कॉटचा मालक डॉ. एमर्सन हा आर्मीतला डॉक्टर, बदली होईल तिकडे तो स्कॉटला घेऊन जायचा. आधी इलिनॉय, तिथे गुलामगिरी नाही, मग फोर्ट स्नेलिंग (आताचं मिनेसोटा), तिथेही 1820 च्या मिसूरी तडजोडीने (उत्तरेकडच्या, अजून राज्य न झालेल्या प्रदेशांत गुलामगिरी बंद करणारा कायदा) बंदी. तिथेच स्कॉटचं हॅरिएटशी लग्न झालं. पुढे डॉक्टर गेला आणि सेंट लुईसमध्ये त्याची विधवा आयरीन या दोघांना लोकांकडे कामाला लावून मजुरीचे पैसे स्वतः घ्यायला लागली. स्कॉटने पैसे देऊन सुटका मागितली तर ती नाही म्हणाली. मग एप्रिल 1846 मध्ये नवराबायको दोघांनी दावा लावला.

आता मिसूरी हे गुलामगिरीचं राज्य असलं तरी तिथल्या कोर्टांचा नियम होता की एकदा मुक्त भूमीत राहिलात की कायमचे मुक्त. 1836 मध्ये रेचल नावाच्या बाईला याच नियमाने सोडलेलं, आणि तिलाही एका आर्मी ऑफिसरने फोर्ट स्नेलिंगलाच नेलं होतं! म्हणजे स्कॉटने जिंकायलाच हवं होतं. पण 1847 मध्ये साक्षीदार म्हणाला, यांना कामाला माझ्या बायकोने ठेवलं, मी फक्त पैसे दिले. झालं, आयरीनच मालकीण आहे हे सिद्ध होत नाही म्हणून दावा फेटाळला आणि हे दोघं गुलाम म्हणून परत तिच्याच ताब्यात. मला तर हे पहिल्यांदा वाचून हसावं की रडावं कळेना. 1850 ला पुन्हा सुनावणी झाली, ज्युरीने सोडलं, आणि 1852 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने काळ आता बदललाय म्हणत आपलाच जुना नियम मोडीत काढला.

नागरिकत्व आलं ते यानंतर. राज्यात दरवाजे बंद झाले म्हणून वकील फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात गेले, आणि तिथे अशी केस चालायची तर वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक लागतात. आयरीनचा भाऊ न्यूयॉर्कचा, तो झाला प्रतिवादी. पण स्कॉट मिसूरीचा 'नागरिक' आहे का? केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचली आणि 6 मार्च 1857 ला तिथले सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी उत्तर दिलं, नाही, आणि नुसता गुलाम नाही, मुक्त असला तरी आफ्रिकन वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, सबब त्याला या कोर्टात यायचाच हक्क नाही. बरं, हक्कच नाही म्हटल्यावर विषय तिथेच संपायला हवा ना? पण टॉनी पुढे लिहीतच गेले आणि गुलाम ही मालमत्ता असल्याने काँग्रेसला (अमेरिकेची संसद) टेरिटरीत म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात गुलामगिरी बंद करता येत नाही म्हणून मिसूरी तडजोडही घटनाबाह्य ठरवली. निकाल 7 विरुद्ध 2. विरोधातले न्यायाधीश कर्टिस यांनी सरळ दाखवून दिलं की देश उभा राहत होता तेव्हा 5 राज्यांत मुक्त काळे लोक मतदान करत होते, मग ते नागरिक नव्हते कसे? याला टॉनींकडे धड उत्तर नव्हतं असं माझं मत. कर्टिस त्याच वर्षी राजीनामा देऊन मोकळे झाले.

आता सुटका. आयरीनने 1850 मध्येच दुसरं लग्न केलं होतं, आणि नवरा कोण, तर मॅसॅच्युसेट्सचा गुलामगिरीविरोधी खासदार! निकालानंतर पेपरांनी त्याची पार शोभा केली. मग स्कॉट कुटुंब टेलर ब्लोच्या नावावर करून दिलं, हा स्कॉटच्या पहिल्या मालकाचा मुलगा, आणि त्याने 26 मे 1857 ला त्यांना मुक्त केलं. केस चालू असताना शेरीफकडे (कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी) साठलेली त्यांची मजुरी मात्र आयरीनबाईंनी सोडली नाही. स्कॉट हॉटेलात पोर्टर म्हणून राहिला आणि दीड वर्षाच्या आतच, सप्टेंबर 1858 मध्ये टीबीने गेला. निकाल पुसला गेला तो 1868 च्या 14 व्या घटनादुरुस्तीने, अमेरिकेत जन्मला तो नागरिक. हॅरिएट 1876 पर्यंत होती, तिने तो दिवस पाहिला.

प्रश्न : प्रतिवादीचं नाव कुठे सॅनफर्ड, कुठे सँडफर्ड दिसतं. खरं कुठलं?

उत्तर : सॅनफर्ड. कोर्टातल्या क्लार्कने एक 'ड' जास्तीचा घातला आणि केसच्या नावात तो अजून तसाच आहे.