दगडफेकीच्या वेळी मी नुसता बघत उभा होतो, गुन्ह्यात नाव येईल का?

नाव येऊ शकतं, पण नुसतं उभं राहिलात म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. जालन्यात अंबड चौफुलीवर रास्ता रोको चिघळला, की फिर्यादीत चार-पाच नावं आणि पुढे 'इतर शंभर-दीडशे'. मग व्हिडिओ बघून उचलाउचली. भारतीय न्याय संहितेचं कलम १९० जमावातल्या सगळ्यांना धरतं, पण उद्देश एकच असेल तर. निव्वळ बघे त्यात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मसलती खटल्यात १९६४ सालीच सांगितलंय. तुम्ही दुसऱ्याच कामाने तिथे होतात हे दाखवायला एसटीचं तिकीट, टपरीवरच्या चहाचं फोनपे पेमेंट जपून ठेवा. दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागा, ते पुसलं जातं. मात्र पोलिसांनी भोंग्यावरून पांगायला सांगूनही मुद्दाम थांबला असाल, तर कलम १८९(५) लागू शकतं: सहा महिन्यांपर्यंत कैद.