न विचारता

प्रिय बेटा,

परवा तुझ्या मसाल्याच्या कारखान्यातलं प्रत्येक काम कसं करायचं ते लिहिलेली ती जाडजूड फाइल तू माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "काका, एवढं करूनही काहीच होऊन नाही राहिलं." मी चार पानं उलटली, चहा संपवला आणि उठून गेलो. तुला वाईट वाटलं असणार. तिथेच बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून आज लिहायला बसलो आहे. लिहितानाही तो चढणार नाही याची खात्री नाही.

फाइलमध्ये खोटं काही नाही. पण ती इंग्रजीत आहे, आणि तुझ्याकडच्या अकरा जणांपैकी ती वाचू शकणारी तू आणि तुझा हिशेबनीस एवढेच. भट्टीच्या पानावर लिहिलं आहे, "मसाले योग्य रंग येईपर्यंत भाजावेत." योग्य रंग म्हणजे कोणता, हे ज्याला कळतं त्याला तो कागद लागत नाही आणि ज्याला कळत नाही तो कागद वाचूनही तिथेच उभा राहतो. भट्टीवर मसाला भाजणाऱ्या मावशी पंधरा दिवस गावाला गेल्या आणि तुझा सावजी मसाला कडू झाला, तेव्हा ही फाइल कपाटातच होती ना? मग ती कशासाठी होती?

माझी एकच कसोटी आहे. ते काम आयुष्यात कधी न केलेला माणूस समोर कागद ठेवून, कुणालाही न विचारता ते करून दाखवतो, तेव्हाच ते काम लिहिलं गेलं असं मी मानतो. न विचारता. एकदा जरी त्यानं मान वर करून "आता काय?" म्हटलं, तरी तेवढी ओळ लिहायची राहिली आहे. ही कसोटी मला कुणी शिकवली नाही. ती मला फार महाग पडली आहे.

हिंगण्याच्या एमआयडीसीतली माझी शेड तू पाहिलेली नाहीस, ती विकून आता बरीच वर्षं झाली. आम्ही कूलर बनवायचो. नागपुरात होळी झाली की घरोघरी कूलर बाहेर निघतात, त्यांच्या ताट्या, म्हणजे पाण्यानं भिजणारे पॅड, बदलतात आणि आमच्यासारख्यांचं वर्षभराचं पोट त्या तीन महिन्यांत भरतं. २०१३ चा उन्हाळा तुला आठवत नसेल. त्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मागणी इतकी, की रंग वाळला की गाडी भरायची. नेमक्या त्या दिवसांत माझा मिस्त्री बालाघाटला गेला, वडील अत्यवस्थ होते. त्याला थांबवणं शक्यच नव्हतं. पोरं तयार होती, पत्रा कापणं, मोटर बसवणं, पंप जोडणं सगळं त्यांना येत होतं. तीन आठवडे माल सुरळीत निघाला.

मग एका दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांच्या बायकोनं चालू कूलरमध्ये पाणी भरताना बॉडीला हात लावला आणि ती फेकली गेली. बाई वाचली. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, तू पेपरमध्ये वाचतेसच. ती वाचली, हे माझं नशीब.

मी स्वतः जाऊन तो कूलर उघडला. आतली पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. ते होतं कधी कधी, त्यासाठीच तर अर्थिंग असतं, बॉडीत उतरलेली वीज जमिनीत नेणारी वायर. अर्थिंगची वायरही जागेवर होती, नट घट्ट आवळलेला, ओढून पाहिली तर हलेना. अर्धा तास मला काही कळेना. मग नट काढला. त्याच्याखाली पावडर कोटिंगचा रंग जसाच्या तसा, गुळगुळीत. रंगातून वीज जात नाही, बेटा. वायर बॉडीला लावलेली होती आणि तरीही लागलेली नव्हती.

मिस्त्री परत आल्यावर मी त्याला विचारलं. त्यानं खिशातून छोटी कानस काढली आणि भोकाभोवती दोनदा फिरवली. रंग उडाला, खाली पत्रा चमकला. दोन सेकंदांचं काम. सतरा वर्षं तो ते करत होता, प्रत्येक कूलरला, आणि माझ्यासकट कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणाला, "साहेब, ते तं साऱ्यांलेच माहीत असते ना जी. त्यात सांगाचं काय?"

त्या तीन आठवड्यांत ९६ कूलर बाहेर गेले होते. आमच्या रजिस्टरमध्ये दुकानदाराचं नाव होतं, कूलरचा नंबर नव्हता. भर उन्हात मानेवाडा, जरीपटका, त्रिमूर्तीनगर, पार वाडीपर्यंत फिरलो. दुकानांतून चिठ्ठ्या लावल्या. ७१ कूलर सापडले, त्यातल्या ५८ मध्ये रंग घासलेला नव्हता. पंचवीस सापडलेच नाहीत. त्या पंचवीस घरांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. आजही एप्रिलमध्ये पेपर उघडताना माझा हात क्षणभर थांबतो.

आता सांग, तुझ्या त्या फाइलच्या पद्धतीनं मी तेव्हा लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? "अर्थिंगची वायर बॉडीला घट्ट जोडावी." पोरांनी घट्टच जोडली होती.

म्हणून म्हणतो, न विचारता. नवा माणूस उभा केला असता, तर निदान "वायर रंगावरच लावू का?" एवढं तरी कुणी विचारलं असतं. कदाचित नसतंही. पण मिस्त्री बाजूला उभा असता आणि त्याला तोंड उघडायला बंदी असती, तर त्याचा जीव वरखाली झाला असता आणि ती कानस आपोआप खिशातून बाहेर आली असती. जाणकार माणसाला स्वतःला काय येतं ते सांगता येत नाही. दुसरा चुकताना दिसला, की मात्र ते त्याला बरोबर आठवतं.

मी हे आधी का केलं नाही? वेळ नव्हता असं मी लोकांना सांगत आलो. तुला खरं सांगतो. दिवसातून चाळीस वेळा कुणीतरी "साहेब, हे कसं करू?" म्हणत यायचं आणि मला ते आवडायचं. आपल्यावाचून अडतं, यातच मला कारखानदारी वाटायची. परवा मी तुझ्याकडे अर्धा तास बसलो होतो. तेवढ्यात तुझा फोन सहा वेळा वाजला. पाकिटाचा रोल कोणता लावू, वर्ध्याचा डबा आज पाठवू का उद्या, मीठ आधी का नंतर. तू कपाळाला आठ्या घातल्यास, पण प्रत्येक उत्तर देताना तुझा चेहरा उजळत होता. मी ओळखतो तो चेहरा. तुला राग आला तरी चालेल, पण हे आधी स्वतःशी कबूल कर. नाहीतर तू कितीही फाइली करून घेतल्यास तरी त्यात एक जागा रिकामी सोडशील, लोकांनी तुला विचारायला यावं म्हणून.

आमच्या शेजारी अजनीच्या लोको शेडमधले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्याकडून मला कळलं, की प्रत्येक इंजिनात एक लॉगबुक असतं. ड्रायव्हरला वाटेत काही खटकलं की तो त्यात लिहितो. नागपूरला ड्रायव्हर बदलतो. उतरणारा घरी जाऊन झोपतो आणि चढणारा ते वाचून गाडी पुढे नेतो. झोपलेल्याला उठवायला कुणी जात नाही. हजारो माणसं त्या वहीच्या भरवशावर झोपलेली असतात. मला हे ऐकून स्वतःची लाज वाटली होती, कारण माझ्या शेडमध्ये रात्री अकराला मिस्त्रीला फोन जायचे.

आता मावशींचं. तू म्हणालीस, त्या सांगायलाच तयार नाहीत. "तुले सारं लिहून देल्लं, तं मंग माह्यं काय काम?" असं म्हणाल्या. तू हसलीस. हसू नकोस. त्यांची भीती शंभर टक्के खरी आहे, आणि ती खरी करणाऱ्यांपैकी मी एक आहे.

शॉकच्या प्रकारानंतर मी झपाटल्यासारखा सगळं लिहून घेत सुटलो. माझ्याकडे एक रंगारी होता. त्यानं मन लावून सांगितलं, फवाऱ्याचा दाब, पत्रा धुण्याची पद्धत, भट्टीचं तापमान, सगळं. त्याच्या कागदावर दोन नवी पोरं तयार झाली. नोटाबंदीनंतरचा हंगाम आला, रोख पगार वाटायला पैसे नव्हते, बँकेचा हप्ता डोक्यावर होता आणि मी त्याला कमी केलं. त्याचा पगार सगळ्यांत जास्त होता. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? बाकी चौदा घरं चालायची होती. मी आजही रात्री हा हिशेब मांडतो आणि आकडे बरोबर येतात. पण जाताना तो एवढंच म्हणाला, की मीच लिहून दिलं ना. त्यानंतर माझ्या शेडमध्ये कुणी खरं सांगितलं नाही. कागद भरले जायचे, पण प्रत्येकात एखादी पायरी हटकून गाळलेली असायची. नवा माणूस अडायचा आणि त्यांना विचारायला जायचा. त्यांनी आपली भाकरी तशी राखली. त्यांना दोष देण्याचा हक्क मी गमावला होता.

तेव्हा मावशींना आधी शब्द दे, आणि तो लिहून दे. भट्टीवरून त्यांना कुणी काढणार नाही. त्यांच्या कागदावरून जो शिकेल, त्याला शिकवण्याचे पैसे त्यांना वेगळे मिळतील. कागदाच्या डोक्यावर त्यांचं नाव असेल. हे परवडत नसेल तर लिहायच्या भानगडीतच पडू नकोस.

आणि सगळं एकदम लिहायला घेऊ नकोस. जीएसटीचं सीए बघतो, पाकिटं मोजणं कुणालाही येतं, ते राहू दे. सॉफ्टवेअरचं तर वर्षभर नावही काढू नकोस. एकच काम घे, भाजणी. मी परवा पाच मिनिटं भट्टीपाशी उभा होतो, तेवढ्यात मला काय दिसलं सांगू? मावशी दगडफूल शेवटी टाकतात, गॅस बंद केल्यावर, कढईच्या उरलेल्या आचेवर. ते पातळ असतं, लगेच करपतं आणि मग सगळा घाणा कडू. तुझ्या फाइलमध्ये दगडफूल धने-जिऱ्याच्या रांगेत तिसरं आहे. मावशी गावाला गेल्यावर तुझा माल का कडू झाला, हे तुला अजून कळलं नसेल तर आता कळलं.

मावशी धन्यांचा रंग बघत नाहीत, आवाज ऐकतात. "कडकड वाजले पायजे," म्हणाल्या. मग तेच लिही, त्यांच्याच शब्दांत. तुझ्या पुस्तकी भाषेत त्याचं भाषांतर करू नकोस. पावसाळ्यात धने ओलसर येतात, वेळ जास्त लागतो, तेही लिही. भिवापूरची मिरची आली तर किती आणि गुंटूरची आली तर किती, ते काट्यावर वजन करून लिही. मूठ, चिमूट, अंदाज हे शब्द कागदावर येता कामा नयेत. कागद मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकमध्ये घालून भट्टीच्या भिंतीवर लाव, ऑफिसात नाही. पाकिटावर बॅच नंबर कायद्यानं छापतेसच. तोच नंबर भट्टीच्या वहीत घाल, त्या दिवशी कढईवर कोण होतं त्यासकट. एखादा घाणा बिघडला तर त्याच संध्याकाळी लाल पेननं कागद दुरुस्त कर आणि तारीख टाक. दुसऱ्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याला फक्त कोण चुकलं तेवढं आठवतं, काय चुकलं ते विसरायला होतं.

या रविवारी सकाळी सातला मी येतो. वजनकाटा तपासून ठेव, दोन किलो धने आणि बाकीचं सामान बाजूला काढ. मावशींचं मी आणि माझी वही बघून घेऊ. दुपारी माझा नातू येईल. त्याला मसाल्यातलं ओ की ठो कळत नाही, दगडफूल त्यानं बघितलेलंसुद्धा नाही. तो कागद घेऊन कढईपुढे उभा राहील. मावशी मागे स्टुलावर बसतील, त्यांनी बोलायचं नाही. तू बाहेर रस्त्यावर थांबायचंस आणि फोन माझ्याकडे द्यायचास.

तुझा,
काका