ओट्यावरचा वर्ग आणि दोन पायऱ्या

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून मानेवाडा भागात राहते. वस्तीतील दहा-बारा मुलांना संध्याकाळी घराच्या ओट्यावर गणित शिकवते. समोरच्या घरात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेला अकरा वर्षांचा मुलगा आहे. तो शाळेत जात नाही; दारात चाकाच्या खुर्चीवर बसून आमचे पाढे ऐकतो. मैत्रिणी म्हणतात, अशा मुलांसाठी वेगळा वर्ग काढ, पण आधी संस्थेची नोंदणी कर. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तो दारात बसून पाढे ऐकतो, ही आपल्या पत्रातील ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वर्गाशी त्याचे नाते जुळलेलेच आहे. अडले आहे ते रस्ता ओलांडून ओट्यावर येणे. म्हणून वेगळा वर्ग काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो त्याच मुलांत, त्याच वेळी बसला पाहिजे.

त्यासाठी आधी ओट्याची उंची मोजा. चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उताराची लांबी उंचीच्या बारापट असावी लागते. दोन पायऱ्या मिळून एक फूट होत असतील, तर बारा फूट उतार हवा. जागा वाचवायची म्हणून गवंडी चार फुटांत उतार काढून देतात. तसा एक उतार मी एका सभागृहात पाहिला आहे : दोघे जण मागून जोर लावत होते, तरी खुर्ची मागे येत होती आणि खुर्चीतील बाईंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बारा फूट जागा नसेल, तर वर्गच ओट्यावरून अंगणात उतरवा. मात्र काय सोयीचे पडेल, हे आधी त्या मुलालाच विचारा. आपण त्याच्या आईशी बोलतो आणि त्याला विचारायचे राहून जाते.

संस्थेची घाई नको. आपल्या नागपुरातच 2001 साली क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम उभे केले. पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले त्यांनी पाहिली आणि तेथूनच आरंभ केला. आपल्यासमोर तर मुलगाही आहे आणि वर्गही.

शाळेचा प्रश्न मात्र सोडू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) नसेल, तर पालकांसोबत अर्ज भरायला बसा आणि सरकारी रुग्णालयातही जा. खिडकीपुढे उभे राहताना सोबत बाई असल्या, की आईवडिलांना मोठा धीर येतो.

लिहिताना त्याचा हात साथ देत नसेल, तर उत्तर तोंडी घ्या. त्याचे बोलणे सावकाश असेल, तर वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊन आपण पुरे करू नका. मुलांनी त्याच्या हाताबद्दल विचारले, तर त्यांना रागावू नका. सांगायचे की नाही, ते तो ठरवील. पहिल्या दिवशी त्याला सतराचा पाढा म्हणायला सांगा, आणि तो सतरा दाहे सत्तरशेपर्यंत पोहोचेतो बाकीच्यांना थांबू द्या.