तुझ्या एकवीस प्रश्नांबद्दल

धरमपेठ, नागपूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मुलाखतीचा आराखडा दोनदा वाचला. दुसऱ्या देशातून येऊन इथे पीएच.डी. करणाऱ्या मुलांना गाईडचा अनुभव कसा आला, हे आपल्याकडे निवांत बसून कुणी विचारत नाही. तू विचारायला निघालीस याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. तुझ्या एकवीस प्रश्नांपैकी चौदा प्रश्न मत विचारतात. ‘मार्गदर्शनाबाबत समाधानी आहात का?’, ‘गाईड पुरेसा वेळ देतात का?’ याचं उत्तर मी तुला घरबसल्या सांगते: ‘हो मॅडम, सर खूप चांगले आहेत.’ ते खोटं असेलच असं नाही. पण पुढे लिहायला तुझ्या हाती काही लागणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी असाच एक अभ्यास केला होता. एका मुलाला विचारलं, गाईडची भेट किती वेळा होते? तो म्हणाला, रोज. मी त्याला ‘नियमित भेटी’च्या रकान्यात टाकून मोकळी झाले. अहवाल देऊन झाल्यावर कधीतरी चहाच्या टपरीवर बोलणं निघालं, तेव्हा कळलं की तो रोज सकाळी दहापासून केबिनबाहेरच्या बाकावर बसून असायचा. सर येताजाता मान हलवायचे. बोलावणं कधीही येईल म्हणून तो जेवायलाही उशिरा जायचा. हे सगळं त्याच्या लेखी ‘भेट’ होतं. ‘मागची भेट सांग, कुठे बसला होतास, आधी कोण बोललं, तू काय घेऊन गेला होतास’ एवढं मी विचारलं असतं तर तो बाक आपोआप समोर आला असता. अहवालात ती चूक तशीच राहिली, आणि ती मला अजून सलते.

म्हणून मतं सोड आणि प्रसंग विचार. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर केलेल्या कामातून हीच पद्धत घडवली आणि 1954 मध्ये ती नीट मांडली: एक नेमका प्रसंग घ्यायचा, त्याआधी काय घडलं, कोण कसं वागलं, त्यातून पुढे काय झालं हे क्रमाने काढायचं. तुझी सुरुवात अशी होऊ शकते: ‘गाईडना पहिल्यांदा भेटलात तो दिवस सांगा.’ मग: ‘लिहिलेलं प्रकरण तपासून परत आलं, असा एखादा दिवस आठवतो?’ तो मसुदाच सोबत आणायला सांग. लाल शाईच्या खुणांवर बोट ठेवत माणूस जे बोलतो ते नुसत्या आठवणीतून येत नाही. फक्त त्या पानांचे फोटो काढू नकोस. त्या खुणा गाईडच्या आहेत आणि त्यांची परवानगी तू घेतलेली नाहीस.

‘का’ने सुरू होणारे प्रश्नही कमी कर. ‘तुम्ही गाईड का बदलला नाही?’ असं विचारलंस की समोरच्याला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सुरू झाल्यासारखं वाटतं आणि तो स्वतःचं समर्थन करू लागतो. ‘मग काय केलंत?’ पुरेसं आहे. कधी नुसतं ‘मग?’. आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नकोस. आपण मराठी माणसं शांतता झाली की अवघडून काहीतरी बोलतो. तू बोलू नकोस. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शांततेनंतरच येते.

भाषेचं मला सगळ्यात जास्त वाटतं. तू मराठी, समोरचा सुदानचा किंवा अफगाणिस्तानचा, आणि बोलणार दोघंही इंग्रजीत. ‘सपोर्ट’, ‘फ्रीडम’, ‘स्ट्रिक्ट’ हे शब्द दोघांच्या डोक्यात वेगवेगळे असणार. प्रत्येक मुलाखतीत लवकरच विचार: तुमच्या भाषेत गाईडला काय म्हणतात, आणि इथे तुम्ही त्यांना काय म्हणता? अरबी आणि फारसीत विद्यापीठातल्या प्राध्यापकाला उस्ताद म्हणतात. आपल्याला तो शब्द ऐकला की तबला किंवा सतार आठवते, गंडा बांधणं आठवतं. त्या मुलाला काय आठवतं, ते त्याच्याकडूनच काढ. दुसरीकडे, प्राध्यापकाला नावाने हाक मारणाऱ्या संस्थेतून आलेला कुणी इथल्या ‘सर’ने पहिले सहा महिने गोंधळलेला असेल. मुलाखतीचा उतारा टाईप करताना त्यांचं इंग्रजी दुरुस्त करू नकोस. मोडक्या वाक्यातला अडखळा हाही तुझा पुरावा आहे.

आता ज्याने मला खरी काळजी वाटते ते. आराखड्यात ‘नावे बदलली जातील’ अशी एक ओळ आहे. ती पुरणार नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात, त्याशिवाय जास्तीचे 2 आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. म्हणजे एका गाईडकडे असे फार तर एकदोघंच. तू ‘रसायनशास्त्रात तिसऱ्या वर्षाला असलेली येमेनची विद्यार्थिनी’ असं लिहिलंस तर अमरावती रोडवरच्या विद्यापीठात कुणालाही तिला ओळखायला नाव लागणार नाही. देशाऐवजी प्रदेश, विषयाऐवजी शाखा लिही. एका माणसाचे तपशील वेगवेगळ्या ठिकाणी विखरून टाक. छापण्याआधी तिचा भाग तिला वाचायला दे, आणि ‘हे काढा’ म्हणाली तर वाद न घालता काढ.

कारण तिचं पणाला लागलेलं तुझ्यामाझ्यापेक्षा मोठं आहे. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला 14 दिवसांत नोंदणी करावी लागते, पुढे मुदत वाढवायला संस्थेचं बोनाफाईड प्रमाणपत्र लागतं, आणि असे कागद बहुधा विभागातूनच हलतात. नियमाने पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षं. गाईडशी बिनसलं तर आपल्याकडची मुलगी घरी चंद्रपूरला किंवा वर्ध्याला जाऊन चार दिवस रडून येते. बाहेरच्या देशातून आलेल्यांना ती सोय नसते. म्हणून मुलाखत विभागात नको, गाईडच्या ओळखीच्या कॅन्टीनमध्ये तर नकोच. जागा त्यांना ठरवू दे. संमतीपत्रावर सही घेतलीस म्हणजे संमती कायमची मिळाली असं धरू नकोस. मध्येच आणि शेवटी पुन्हा विचार. छळाची गोष्ट निघाली तर काय करायचं हे आधी ठरव. अंतर्गत तक्रार समितीचा नंबर जवळ असू दे, आणि ‘हे माझ्याजवळच राहील’ असा शब्द घाईत देऊ नकोस. तो पाळता येईलच असं नाही.

बारीकसारीक: रमजानमध्ये दुपारी मुलाखत ठेवू नकोस. इथिओपियाच्या मुलाने ‘दोन वाजता’ म्हटलं तर कुठल्या घड्याळाचे ते विचार. तिकडे दिवसाचे तास सकाळपासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपले आठ.

किती मुलाखती, हे तू तीनदा विचारलंस. 12 हा आकडा तुला कुणीतरी सांगितलेला दिसतो. तो 2006 च्या एका अभ्यासातून आला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत स्त्रियांच्या 60 मुलाखती झाल्या होत्या आणि बहुतेक मुद्दे पहिल्या 12 मध्येच येऊन गेले होते. पण तिथला गट बराचसा एकसारखा होता. तुझ्याकडे पाच देश, चार शाखा. मी म्हणेन आठांपासून सुरू कर, प्रत्येकाला दोनदा भेट, दोन भेटींत महिनाभराचं अंतर ठेव. आणि जे पदवी न घेता परत गेले त्यांतल्या निदान दोघांना ऑनलाईन गाठ. ते यादीत नाहीत, हे मला खटकलं.

आणखी एक काम, आणि ते टाळू नकोस. तूही सध्या एका गाईडकडेच काम करतेस. कुणाचीही मुलाखत घेण्याआधी तुझी स्वतःची शेवटची भेट चार पानं लिहून काढ: कुठे बसलीस, काय बोलायचं राहिलं. ती पानं मला दाखवू नकोस. पण उतारे वाचताना ती शेजारी ठेव, म्हणजे त्यांच्या तोंडी तू स्वतःची तक्रार घालते आहेस का ते तुला दिसेल.

पुढच्या रविवारपर्यंत सात प्रश्नांचा मसुदा पाठव. समाधानाचा तो पाचवा प्रश्न आधी खोड.

तुझी,
मॅडम