शेलमध्ये आज्ञा वेगळी, आदेश वेगळा

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवण्यासाठी काही विद्यार्थी बॅश शेलला, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःच्या मराठी कमांड जोडत आहेत. कमांडचे नाव ‘शोध’ असावे, ‘शोधा’ असावे की ‘शोधणे’, आणि कमांडला ‘आज्ञावली’ म्हणावे की ‘आदेश’, असे त्यांनी विचारले आहे.

‘आज्ञावली’ आधी बाजूला ठेवू. आवली म्हणजे ओळ, रांग. दीपावलीत एकच पणती नसते. अनेक आज्ञा फाईलमध्ये ओळीने लिहिल्या की ती आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट किंवा प्रोग्राम. तरीही ‘ही आज्ञावली टाइप करून एंटर दाबा’ असे वाक्य वारंवार वाचावे लागते आणि दर वेळी संताप येतो. एका ओळीला आज्ञावली म्हटले, तर त्या फाईलला काय म्हणणार? एकटी कमांड म्हणजे नुसती ‘आज्ञा’. बोलताना सगळे ‘कमांड मार’ म्हणतात, त्याला माझी काडीचीही हरकत नाही.

नाव ‘शोध’ ठेवा. मराठीत द्वितीय पुरुषी एकवचनी आज्ञार्थ म्हणजे नुसता धातू: शोध, मोज, विक, जोड. प्रत्यय नाही, कमांडला याहून आटोपशीर रूप मिळणार नाही. ‘शोधा’ हे आदराचे रूप माणसासाठी. मालवणीतले ‘येवा’ पाहुण्याला म्हणतात, यंत्राला नाही. म्हणून कमांडचे नाव एकेरीत आणि चूक झाल्यावर तिने दाखवायचा संदेश अहो-जाहोत: ‘फाईलचे नाव द्या’. ‘शोधणे’ फक्त मदतीच्या पानाच्या मथळ्यात शोभेल.

आता ‘आदेश’. कमांडला आदेश म्हणू नका, कारण शेलमध्ये या शब्दाची फार नेमकी जागा रिकामी आहे. ‘दिश्’ म्हणजे दाखवणे. दिशा, निर्देश, संदेश, उपदेश ही सगळी त्याच घरची. ‘आ’ लागून आदेश म्हणजे हुकूम झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण व्याकरणकारांनी याच शब्दाला दुसरे काम दिले: एकाच्या जागी जे येते, तो आदेश. ज्याची जागा जाते, तो स्थानी. प्रति + एक = प्रत्येक, यात ‘इ’ स्थानी आणि ‘य्’ आदेश. हा आदेश कुठेही होत नाही. पुढे विजातीय स्वर असला तरच होतो.

शेलमधला एलियस, म्हणजे एका शब्दाच्या जागी ठरवून दिलेला मजकूर बसवण्याची सोय, अक्षरशः हेच करतो. ‘मोज’ या एलियसची किंमत ‘डब्ल्यूसी -एल’ (ओळी मोजणारी आज्ञा) ठेवली, तर ‘मोज यादी’ असे टाइप केल्यावर ‘मोज’ पुसले जाऊन तिथे ‘डब्ल्यूसी -एल’ बसते आणि मगच आज्ञा चालते. स्थानी गेला, आदेश आला. इथेही अट आहे: शब्द साध्या आज्ञेतला पहिलाच हवा आणि अवतरणात नको. पाइपनंतर, म्हणजे एकीचे उत्तर दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेनंतर, नवी आज्ञा सुरू होते, म्हणून तिथला पहिला शब्दही चालतो. ‘सुडो मोज यादी’ मात्र फसते, कारण पहिला शब्द ‘सुडो’ (पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा) आहे आणि ‘मोज’ त्याच्या हाती जसाच्या तसा जातो. उपाय आहे: ‘सुडो’चाच एलियस करून किंमतीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडा, की बॅश पुढचा शब्दही तपासतो. आदेशातून तोच स्थानी पुन्हा निघाला, तर बॅश त्याचा दुसऱ्यांदा विस्तार करत नाही. म्हणून फाईलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’चा एलियस ‘एलएस -एफ’ ठेवला तरी तो स्वतःभोवती फिरत बसत नाही.

परिभाषा ठरवणारी मंडळी एलियसला ‘उपनाम’ किंवा ‘टोपणनाव’ म्हणतात. हे साफ चूक आहे. टोपणनावाने माणसाला घरात हाक मारा, बंदरावर मारा, तो ओ देतो. एलियस पहिल्या जागेवरून हलला की निरर्थक. स्क्रिप्टमध्ये तर तो मुळात उलगडतच नाही. त्यासाठी ‘एक्स्पँड_एलियसेस’ हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. शिवाय विस्तार ओळ वाचताना होतो, चालवताना नाही, म्हणून ज्या ओळीत एलियस ठरवला त्याच ओळीत तो वापरता येत नाही. एकाच वस्तूच्या दोन नावांची ही लक्षणे नव्हेत, एका मजकुराच्या जागी दुसरा बसवण्याची आहेत. दुसरा एक गट कमांडला ‘समादेश’ म्हणतो. राज्य राखीव पोलीस बलाच्या समादेशकाला तो शोभतो. फाईल शोधायला त्याची गरज नाही.

व्याकरण आणि शेल ही जोडी पुढेही साथ देते. पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ असे सूत्र केले: जे असायला हवे ते दिसत नाही, तो लोप. रिकाम्या चलाचे (व्हेरिएबलचे, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाचे) शेलमध्ये हेच होते. फोल्डरचे नाव एका चलात ठेवून त्यातले सर्व काही ‘आरएम -आरएफ’ने पुसायची ओळ लिहिली, चलानंतर तिरकी रेघ आणि तारा (‘आतले सगळे’ या अर्थाचा) दिला, आणि चल रिकामा निघाला, तर उरते ती मुळापासूनची तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे संगणकावरचे सगळेच. ग्नू प्रकल्पाचे ‘आरएम’ नुसत्या तिरक्या रेघेला नकार देते, पण तारा आधीच शेलने उलगडलेला असतो, त्यामुळे ते संरक्षण लागू पडत नाही. स्क्रिप्टच्या वर ‘सेट -यू’ लिहिले तर कधीच न ठरवलेले चल पकडले जाते. ठरवले पण रिकामे राहिलेले चल त्यातून निसटते. त्यासाठी महिरपी कंसात चलाच्या नावापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्ह लावा, म्हणजे स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

एलियसला मधल्या जागी काही घेता येत नाही. तुम्ही पुढे जे लिहाल ते शेवटी चिकटते. पेटीचा क्रमांक मध्ये घालायचा असेल तर फंक्शन, म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गट, लिहा. बॅश फंक्शनचे नाव देवनागरीत चालवून घेतो, पण चलाचे नाव देवनागरीत घेत नाही: ‘घर=कोकण’ लिहिले तर त्या नावाची कमांडच सापडली नाही असे सांगतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांतले ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा शेल; तो फंक्शनलाही देवनागरी नाव देऊ देत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचेच नाव हवे.

नव्या आज्ञा जोडत जाण्यासाठी गिट या फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची रीत घ्या. ‘गिट-अमुक’ नावाची चालणारी फाईल पाथमध्ये (शेल जिथे आज्ञा शोधतो त्या फोल्डरांत) ठेवली की ‘गिट अमुक’ ही आज्ञा तयार होते. तसे ‘पेटी’ नावाचे एक फंक्शन पहिला शब्द घेऊन ‘पेटी-मोज’, ‘पेटी-विक’ या फाईली शोधेल. नवी आज्ञा जोडायला जुन्या फाईलला हात लावावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल क्रियापद आधी आणि नाम नंतर मागते, ती इंग्रजीची चाल. मराठीत कर्म आधी, क्रियापद शेवटी, आणि ‘पेटी मोज’ कुणालाही शिकवावे लागणार नाही. नाव आधीच कुणी घेतले आहे का, ते ‘टाइप -ए’ पुढे ते नाव लिहून पाहा. एलियस, फंक्शन, अंगभूत आज्ञा आणि पाथमधली फाईल, सगळे दिसते.

नावात ‘ऱ्य’ मात्र येऊ देऊ नका. ‘कैऱ्या’ हा शब्द नुक्त्याच्या ऱ ने टाइप होतो, तसाच साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही होतो. डोळ्यांना दोन्ही एकच. लिनक्स मात्र बाइट जुळवतो आणि ‘कमांड सापडली नाही’ म्हणतो. ‘-एल’सारखे एकाक्षरी पर्यायही देवनागरीत ठेवू नका: पर्याय ओळखणारा ‘गेटऑप्ट’ एक-एक बाइट वाचतो आणि अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ‘व’ तीन बाइटांचा असतो. ‘--वजन’सारखे लांब पर्याय अख्खी अक्षरमाला म्हणून जुळवले जातात, ते चालतात. पेट्यांची संख्या कुणी ‘५’ अशी देवनागरीत दिली तर पहिल्या तितक्या ओळी दाखवणारा ‘हेड -एन’ ती अवैध म्हणून परत करतो, म्हणून आत शिरतानाच मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’च्या ‘वाय’ने दहाही अंक बदलून घ्या. लोकेल (शेलची भाषा-लिपीची मांडणी) यूटीएफ-८ नसेल तर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही अशी तक्रार करून सेड तिथेच थांबतो. तेव्हा आधी ‘लोकेल’ आज्ञा देऊन तपासा.