छतावर बॉक्स की मागं ट्रेलर?

प्रश्न : दादा, मे महिन्यात आम्ही सहा जण मालवणला निघालोय, पण सात सीटर असून डिकीत तिघांच्याच बॅगा बसतात. छतावर बॉक्स लावू की ट्रेलर जोडू? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, बॉक्सच लावा. वाटेतल्या करूळ घाटात ट्रेलर घेऊन रिव्हर्स मारायची वेळ आली तर घाम फुटतो, स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं पळतो, आणि त्याची नोंदणीही वेगळी. छताची लिमिट मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच गाड्यांना ५० ते ७५ किलोच असते अन् त्यात बॉक्स अन् तो ज्यावर बसतो त्या आडव्या रॉडचं वजनही धरायचं. वर नुसते कपडे, अंथरुणं. जड डबे डिकीत खालीच. गगनबावड्याला चहाला थांबाल तेव्हा बॉक्सचे नट हातानं हलवून बघाच, खरा उतार त्याच्या पुढंच आहे.