वाचकांचे प्रश्न : सहा हजार मीटरचे शिखर आणि विदर्भातील गिर्यारोहक

हिमालयातील मार्गदर्शित मोहिमांविषयी अमरावती, गडचिरोली आणि यवतमाळ जिल्ह्यांतील वाचकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पहिल्या प्रश्नात इतर अनेकांच्या शंका सामावलेल्या असल्याने त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील शेतकरी असून माझे वय ४३ वर्षे आहे. संत्र्याची बाग आणि सोयाबीन-तूर असा पसारा आहे. रोज शेतात चालणे होते, रक्तदाब व साखर ठीक आहे, व्यसन नाही. लडाखमधील कांग यात्से-२ हे सुमारे ६,२५० मीटर उंचीचे शिखर अतांत्रिक असल्याचे वाचून मी दोन संस्थांची माहितीपत्रके मागवली. एकीची मोहीम लेह ते लेह आठ दिवसांची आहे. दुसरीची बारा दिवसांची आणि बरीच महाग. बर्फ मी आजवर पाहिलेला नाही. यांपैकी कोणती मोहीम निवडावी, आमच्याकडच्या उन्हात तयारी कशी करावी आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेऊन कमी दिवसांत भागेल काय?

उत्तर : आपण बारा दिवसांचीच मोहीम निवडावी. दोन पत्रकांमधील किमतीचा फरक बहुधा दिवसांचाच असतो, आणि अशा शिखरावर यश काय किंवा जिवाची सुरक्षितता काय, दोन्ही गोष्टी सर्वांत जास्त दिवसांवरच अवलंबून असतात. आपल्या पायांत ताकद आहे याविषयी मला शंका नाही. परंतु विरळ हवा पायांची ताकद विचारात घेत नाही. किंबहुना दमदार, तरुण माणूस पहिल्या दोन दिवसांत झपाझप चढतो आणि तिसऱ्या दिवशी डोके धरून तंबूत पडतो, हे दृश्य बेस कॅम्पवर, म्हणजे शिखराखालच्या तळावर, नवीन नाही.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सर्व निर्णय सोपे होतील. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, म्हणजे कांग यात्सेच्या माथ्यावर आपल्या प्रत्येक श्वासात मोर्शीच्या तुलनेत निम्म्याहून थोडा कमीच प्राणवायू असेल. यावर शरीराचा पहिला उपाय म्हणजे श्वास वाढवणे. मात्र श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होऊ लागते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. पहिल्या काही रात्री झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि मग एकदम खोल येतो, त्यामुळे शेजारी झोपलेला माणूस घाबरून उठतो, तो याच ओढाताणीमुळे. हा लगाम सैल व्हायचा तर मूत्रपिंडांना रक्तातील जास्तीचे बायकार्बोनेट (अल्कधर्मी क्षार) बाहेर टाकावे लागते. त्या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. गिर्यारोहक ज्याला ॲक्लमटायझेशन म्हणतात ते हेच असून पैसे मोजून किंवा जिद्दीच्या बळावर ते लवकर उरकता येत नाही.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांचे हेच काम थोडे लवकर सुरू करून देते, म्हणून ती उपयोगी आहे. प्रतिबंधासाठी प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. तिने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे. ही गोळी शरीराला मदत करते, दिवसांची भरपाई करीत नाही. गोळीच्या भरवशावर कार्यक्रम आखडून घेणाऱ्या संस्थेवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सर्वमान्य नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. या मोजपट्टीवर आपली दोन्ही पत्रके तपासून पाहा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. नागपूरहून दिल्लीमार्गे विमानाने तेथे उतरणाऱ्याने दोन पूर्ण दिवस काहीही न करता काढले पाहिजेत; शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा दुसऱ्या दिवसासाठी ठेवाव्यात. पुढे मारखा खोऱ्यातून गावागावांत मुक्काम करीत जाणारी वाट हळूहळू चढते आणि निमालिंगच्या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या कुरणाजवळ पोहोचवते. लहान मुदतीच्या मोहिमा बहुधा शांग सुमदोच्या बाजूने कोंगमारू ला ही ५,००० मीटरहून उंच खिंड ओलांडून थेट निमालिंगला उतरतात. ती वाट वाईट नाही, मात्र जाताना ती घेतली तर शरीराला पुरेसा वेळ मिळत नाही. परतताना घेण्यास हरकत नाही. बारा दिवसांच्या कार्यक्रमात हवामान बिघडल्यास वापरायचा एक राखीव दिवस आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. राखीव दिवस नसेल तर वारा सुटलेल्या रात्रीही निघण्याचा मोह सर्वांनाच होतो.

आता बर्फाविषयी. शिखर अतांत्रिक आहे ते एवढ्यापुरते की तेथे उभ्या भिंती किंवा कातळ चढावे लागत नाहीत. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे), आईस ॲक्स (बर्फातली कुदळ), हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि सर्वांना जोडणारा दोर मात्र लागतोच, आणि वरचा हिमउतार घसरलेल्या माणसाला आपोआप थांबू देण्याइतका सौम्य नाही. म्हणून बेस कॅम्पवर क्रॅम्पॉन घालून चालण्याचा आणि घसरल्यावर आईस ॲक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव करून घेणारी मोहीमच निवडावी. हा सराव चढाईच्या आदल्या दुपारी तासाभरात उरकला जात असेल तर तो नसल्यातच जमा आहे. मऊ बर्फात पाय टाकणे हे पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून चालण्यासारखे असते, त्यामुळे त्या बाबतीत आपल्याला शहरातल्या सहकाऱ्यांपेक्षा कमी शिकावे लागेल.

तयारीसाठी हिमालय विदर्भात आणता येत नाही, हे आधी मान्य करावे. मेळघाटातील वैराट हे आपल्याकडचे सर्वांत उंच ठिकाण जेमतेम ११७८ मीटर आहे. तेथे पाय तयार होतात, रक्त तयार होत नाही. पण पाय तयार करण्यासाठी ते उत्तम आहे. आठवड्यातून एकदा धामणगाव गढीच्या बाजूने चिखलदऱ्यापर्यंत पाठीवर ओझे घेऊन चढावे आणि ओझ्यासहच उतरावे, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. ओझ्यासाठी वेगळी सॅक घेण्याची घाई नको. घरचा १६ लिटरचा फवारणी पंप साध्या पाण्याने भरला की पुरेसे वजन होते. (औषधाचा पंप मात्र वापरू नये, एखादा नवा किंवा नीट धुतलेलाच घ्यावा.) उरलेल्या दिवसांत पहाटे तास-दीड तास भरभर चालावे, इतके की बोलता येईल पण गाता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हे सर्व सूर्य वर येण्याआधी संपले पाहिजे. उन्हाची सवय उंचीवर कामी येत नाही, उष्माघात मात्र वर्षभराची तयारी बुडवतो.

हंगामाचा योग आपल्या बाजूने आहे. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तेथील चढाईचा काळ जुलै ते सप्टेंबरचा प्रारंभ असा असतो, आणि ऑगस्टमध्ये आपली पेरणी, डवरणी आटोपलेली असते, तर सोयाबीनची कापणी लांब असते. संत्र्याच्या फळगळीवर लक्ष ठेवणारे जाणते माणूस तेवढे घरी हवे, आणि पोळ्याला बैलांजवळ असणे आपल्याला महत्त्वाचे वाटत असेल तर तिथी पाहूनच तारीख ठरवावी.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी कोणाच्या नावाने घेतली जाते? प्रमुख मार्गदर्शकाने कोणत्या संस्थेतून कोणता अभ्यासक्रम पूर्ण केला आहे? चढाईच्या रात्री किती जणांमागे एक मार्गदर्शक असेल? बेस कॅम्पवर प्राणवायूचे सिलिंडर असेल काय, आणि रात्री दोन वाजता कोणी आजारी पडले तर त्याच्याबरोबर खाली कोण जाईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गोलमाल आले तर पत्रक कितीही सुंदर असो, ते बाजूला ठेवावे. स्टोक कांगरी या ६,१५३ मीटरच्या शिखराचे नाव जुन्या लेखांत पहिल्या मोहिमेसाठी सुचवलेले दिसेल. ते २०२०पासून बंद आहे. अतिवापराने तेथील हिमनदीवर आणि पायथ्याच्या गावाच्या पाण्यावर ताण आल्यामुळे हा निर्णय झाला.

चढाईची रात्र साधारण अकरा-बाराच्या सुमारास सुरू होते आणि हजार मीटरहून अधिक चढ एका दमात पार करायचा असतो. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठू लागते आणि बाटली सरळ असल्यास बूच बर्फाने घट्ट बसते. रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोट काखेत धरून गरम करावे. गारठलेल्या बोटावर ७० आकडा दिसतो तो पुष्कळदा थंडीचा असतो. नेपाळी मार्गदर्शक ‘बिस्तारै, बिस्तारै’ (हळूहळू) म्हणत राहतील, त्यांचे ऐकावे. परत फिरण्याची वेळ आदल्या संध्याकाळीच ठरलेली असावी आणि शिखर समोर दिसत असले तरी ती पाळली जावी. साधे डोके दुखणे, मळमळ, भूक जाणे यांवर त्याच उंचीवर विश्रांती हा उपाय आहे. बसल्या जागी धाप लागणे आणि ओला खोकला हे फुफ्फुसांत पाणी साचल्याचे, तर तोल जाणे आणि बरळणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. अशा माणसाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. चालता आले नाही तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी त्याला खाली न्यावे.

प्रश्न : मी धानोरा तालुक्यातील आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी २०१८ साली आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून एव्हरेस्ट सर केल्यापासून माझ्या धाकट्या भावाला गिर्यारोहणाचा ध्यास लागला आहे. तो २१ वर्षांचा आहे. शाळेतील तपासणीत तो सिकलसेलचा वाहक असल्याचे निघाले होते. त्याला सहा हजार मीटरच्या मोहिमेला पाठवावे काय?

उत्तर : ताई, हा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले झाले, कारण विदर्भात वाहक पुष्कळ आहेत आणि मोहिमांच्या वैद्यकीय अर्जांत सिकलसेलचा रकाना क्वचितच असतो.

प्रथम निदान पक्के करावे. गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी सिकलसेल आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची सविस्तर चाचणी करावी लागते. शासकीय रुग्णालयामार्फत ती करून घ्यावी आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावे. भाऊ रुग्ण निघाला तर उंच शिखरांचा विचार सोडून द्यावा. कमी प्राणवायूत पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या बंद होतात आणि तेथे कोणताही इलाज हाताशी नसतो.

तो वाहकच असेल तर बंदी नाही, परंतु धोका शून्यही नाही. बहुतेक वाहकांना काहीच होत नाही. काहींना मात्र उंचीवर, विशेषतः श्रम आणि पाण्याची कमतरता एकत्र आली असता, प्लीहेचा (पांथरीचा) रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना सुरू होतात. ही वेदना गॅस किंवा उसण समजून सोडली जाते, हीच खरी अडचण आहे. म्हणून भावाने आणि त्याच्या मार्गदर्शकाने, दोघांनीही हे लक्षण पाठ केले पाहिजे : डावीकडे बरगडीखाली दुखू लागले की त्याच क्षणी उतरायचे. प्रवेश नाकारतील या भीतीने वाहक असल्याचे लपवू नये.

माझा सल्ला असा की त्याने विकतच्या मोहिमेऐवजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणचा २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम डॉक्टरांच्या लेखी संमतीने करावा. तेथे दोर, बर्फ आणि कातळ यांचे शिक्षण क्रमाने मिळते, उंचीही टप्प्याटप्प्याने वाढते आणि शरीर कसे वागते ते प्रशिक्षकांच्या नजरेखाली कळते. ‘अ’ श्रेणी मिळाली तर प्रगत अभ्यासक्रमाचा मार्ग खुला होतो. २१ व्या वर्षी त्याला घाई करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : आम्ही वणी तालुक्यातील चार मित्र मनालीहून मोटारसायकलने लेहला जाऊन तेथून मोहिमेत सामील होणार आहोत. विमानाचे पैसे वाचतील आणि उंचीची सवयही होईल, हे बरोबर आहे काय?

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. मनालीकडून जाणारे पुष्कळ जण दुसरी रात्र सरचूला, म्हणजे ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर काढतात. ती लेहच्याही वर आहे आणि तेथपर्यंत शरीराची काहीच तयारी झालेली नसते. अनेकांची मोहीम त्या रात्रीच संपते. याच रस्त्याने जायचे असेल तर केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री थांबावे. त्यापेक्षा श्रीनगर, कारगिल, लेह हा रस्ता बरा, कारण कारगिलचा मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर होतो आणि मधल्या खिंडी ओलांडून पुन्हा खाली उतरता येते. कोणत्याही रस्त्याने गेलात तरी लेहमधील विश्रांतीचे दिवस कमी करू नका, कारण दुचाकीवरचा थकवा आणि विरळ हवेचा त्रास यांची लक्षणे सारखीच दिसतात. वाचलेल्या पैशांतून विमा काढा. मात्र तो घेताना त्यात किती मीटरपर्यंत संरक्षण आहे ते वाचा, कारण बऱ्याच पॉलिसींची मर्यादा आपल्या शिखराच्या पुष्कळ खालीच संपते.